जुनं बैठं घर घेताय? मग आधी पाण्याचा माग काढा

जुनं बैठं घर बघायला गेलं की आपण आधी अंगण बघतो, मग झाडं, मग आत येणारा उजेड, आणि तिथेच मनातल्या मनात अर्धा सौदा होऊन जातो. माझंही झालं होतं तसं. एका घराला मी जवळजवळ हो म्हणून बसले होते, भिंती नुकत्या रंगवलेल्या, सगळं कसं चकाचक, आणि सहज म्हणून एक कपाट पुढे ओढलं तर मागे रंगच नाही आणि गिलावा गुडघ्यापर्यंत फुगलेला! तेव्हापासून माझी पद्धत एकच, पाणी कुठून येतं, कुठे मुरतं आणि कुठून बाहेर जातं ते बघायचं, बाकीचं नंतर. जुन्या घराची बरीचशी दुखणी पाण्यापाशीच सुरू होतात.

जाताना चांगली टॉर्च, एक नाणं, एक गोटी, स्क्रू ड्रायव्हर आणि पेन्सिल एवढं घ्या. आणि शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा, चालू पावसात गेलात तर सोन्याहून पिवळं.

१. आत शिरायच्या आधी रस्त्यावर थांबा

एजंट दार उघडून हाका मारेल, मारू दे. समोर उभं राहून आधी घराचं जोतं आणि रस्ता यातली उंची बघा. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवीन थर चढतो, घर मात्र आहे तिथेच राहतं, त्यामुळे बांधलं तेव्हा दोन पायऱ्या वर असलेलं घर आज रस्त्याच्या लेव्हलला किंवा चक्क खाली गेलेलं असू शकतं आणि मग गल्लीतलं सगळं पाणी तुमचं. ही गोष्ट दुरुस्त करणं जवळपास अशक्य, म्हणून सगळ्यात आधी हीच बघायची. छप्पर उतरतं असेल तर आढ्याची रेघ सरळ आहे का तेही इथूनच दिसतं, मध्ये झोळ पडला असेल तर खालचं लाकूड थकलंय.

२. घराला बाहेरून एक चक्कर मारा

जमिनीचा उतार घरापासून लांब जाणारा पाहिजे, भिंतीकडे येणारा नको. पहिल्या तीन मीटरमध्ये साधारण १५ सेंटीमीटर उतार असला की बरं. पन्हाळीचं पाणी पायाशीच सांडतंय का, भिंतीच्या बुडाला शेवाळ आहे का ते बघा. मोठं झाड अगदी भिंतीलगत असेल तर सावली छानच, पण चिकणमातीची जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, झाड त्यातलं पाणी ओढून हा खेळ अजून वाढवतं आणि पाया सारखा वरखाली होत राहतो. मुळं ड्रेनेजच्या पाइपात घुसतात ते वेगळंच.

३. भेगा वाचायला शिका

भेगा नाहीत असं जुनं घर मी तरी पाहिलं नाहीये, त्यामुळे भेग दिसली की पळायचं असं काही नाही. केसासारखी बारीक, वेडीवाकडी भेग बहुतेक वेळा नुसत्या गिलाव्याची असते. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, किंवा विटांच्या सांध्यांमधून जिन्यासारखी उतरत गेलेली भेग मात्र सांगते की घराची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त खचलीय. नाणं आत सरकत असेल किंवा रुंदी ५ मिलिमीटरच्या वर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियर आल्याशिवाय पुढे बोलूच नका. भिंतीला आडवी लांब भेग आणि पोट आलेलं असेल तर तसंच.

खरा प्रश्न असा की भेग जुनी होऊन थांबलीय की अजून वाढतेय. आत धूळ, जुना रंग, कोळ्याची जाळी असेल तर जुनी, कडा ताज्या आणि स्वच्छ असतील तर नवी. मालकाने परवानगी दिली तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाका आणि पुढच्या भेटीत बघा, म्हणून तर एका भेटीत निर्णय घ्यायचा नाही. गोटी जमिनीवर ठेवा, प्रत्येक खोलीत ती एकाच कोपऱ्याकडे पळत असेल तर त्या कोपऱ्याकडे नीट बघा. दारं चौकटीत अडकतात का तेही बघून घ्या, फक्त पावसाळ्यात लाकूड तसंही फुगतं हे लक्षात असू द्या.

४. छपराला सगळ्यात जास्त वेळ द्या

मजल्याच्या घरात वरचा मजला खालच्याला सांभाळतो, बैठ्या घरात तशी सोय नाही, प्रत्येक खोलीच्या डोक्यावर थेट आभाळ. म्हणजे गळती कुठेही होऊ शकते आणि उन्हाळ्यात सगळंच घर तापतं, तेव्हा भर दुपारी एकदा जाऊन आत अर्धा तास बसा.

स्लॅब असेल तर वर चढाच, पाणी कुठे साचतं त्याचे डाग दिसतात. खालून तपकिरी डाग, सळईच्या रेषेत गेलेल्या भेगा किंवा सुटलेले पापुद्रे दिसले तर आतली सळई गंजलीय, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला बाहेर ढकलतो. त्यावर सिमेंट थापून रंग दिलेला असतो बऱ्याचदा, नाण्याने टकटक केलं की पोकळ आवाज येतो. कौलारू असेल तर वाशांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे स्क्रू ड्रायव्हर हलकेच टोचा, आत गेला तर लाकूड कुजलंय. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते स्वतः तोडायला, घासायला, भोक पाडायला जाऊ नका, त्याचे तंतू श्वासात गेलेले वाईट. काढायचा खर्चही वेगळा धरावा लागतो.

५. ओल कुठली आहे ते ओळखा

सगळी ओल सारखी नसते. जमिनीतून चढलेली ओल साधारण एक मीटरपर्यंत येते आणि तिथे पांढरा लोणा सोडते. वरून खाली आलेले ओघळ म्हणजे छप्पर. मध्येच एखादा गोल डाग म्हणजे बहुतेक भिंतीतला पाइप. पाइप दुरुस्त होतो, छपराला पैसे लागतात, जमिनीतली ओल मात्र चिवट. फक्त एकाच भिंतीला ताजा रंग, खाली नव्या टाइल्स किंवा लाकडी पॅनेल असेल तर मागे काय आहे ते बिनधास्त विचारा.

वाळवीचं पटकन सांगते, पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या भिंतीवर, चौकटीवर, कपाटामागे शोधा. झालं.

६. नळ, ड्रेनेज, वीज

सगळे नळ एकदम सोडा आणि फ्लश करा. धार बारीक झाली आणि सुरुवातीला लालसर पाणी आलं तर लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेत. मग सगळं बंद करून पाण्याचा मीटर बघा, काटा तरीही फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. चेंबरचं झाकण उघडून कोणाला तरी फ्लश करायला सांगा, पाणी झर्रकन गेलं पाहिजे. विजेचं म्हणाल तर दोन पिनांचे जुने सॉकेट, कापडात गुंडाळलेल्या वायरी, अर्थिंग नाही, असं असेल तर पूर्ण वायरिंग बदलायचा खर्च धरूनच चला.

७. आजूबाजूला चार वेळा जा

सकाळी, रात्री दहाला, सुट्टीच्या दिवशी आणि पावसात. प्रत्येक वेळी गल्ली वेगळी दिसते. रात्री कुत्री किती, दिवे लागतात का, गाड्या कुठे लावतात, वारा फिरला की कुठला वास येतो. शेजाऱ्यांना घर कसं आहे असं विचारू नका, कोणी वाईट बोलत नाही, त्याऐवजी विचारा की मोठा पाऊस झाला तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं. लोक हाताने उंची दाखवतात. कंपाउंडच्या भिंतींवर पाण्याच्या रेषा असतात त्याही बघा, आणि गूगल अर्थवर त्या जागेची जुनी छायाचित्रं सापडली तर आधी तिथे ओढा किंवा तळं होतं का तेही कळतं. बाजूचा मोकळा प्लॉट म्हणजे आजची हवा आणि उद्याची उंच इमारत, तिथे काय परवानगी मिळू शकते ते नगररचना कार्यालयात विचारून या, नाहीतर तुमचं ऊन गेलंच समजा.

आणि वर मजला चढवू म्हणून घर घेत असाल तर पाया तो भार घेईल का हे इंजिनियरकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी नाही. मालकी आणि बोज्याचे, म्हणजे घरावर कर्ज किंवा गहाण आहे का ते सांगणारे, कागद वकिलाकडे द्या. छप्पर, वायरिंग, पाइप या तिन्हींचे दोन-दोन अंदाज कंत्राटदारांकडून मागवा आणि ते कागद हातात असतानाच भावाचं बोलायला बसा, त्याआधी टोकन देऊ नका.