हेपारिन चालत नसेल तर फ्री फ्लॅप कसा सांभाळायचा

तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा काढला की पायाचं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट आणून मानेतल्या वाहिन्यांना जोडतात (हाच फ्री फ्लॅप), आणि दोन-तीन मिलिमीटरच्या त्या जोडात गुठळी झाली की अख्खा फ्लॅप हातचा जातो, म्हणून सवयीनं सगळीकडे हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. पण पेशंटला एचआयटी (हेपारिनविरुद्धच्या अँटिबॉडीमुळे प्लेटलेट घटण्याचा विकार) असेल तर तेच हेपारिन प्लेटलेट चेतवून गुठळ्या करतं.

आधी हिस्ट्री खोदून काढा. नुसती पुरळ आलेली, की हेपारिन सुरू केल्यावर 5 ते 10 दिवसांत प्लेटलेट निम्म्यावर आलेले? जुनी डिस्चार्ज कार्डं मागवा. ऑपरेशन थांबण्यासारखं असेल तर अँटिबॉडी जाईपर्यंत थांबा, साधारण तीनेक महिने. कॅन्सर थांबत नाही, मग छातीच्या पेक्टोरालिस स्नायूसारखा वाहिन्या न तोडता फिरवायचा फ्लॅप भागवेल का तेही बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ओटीत हेपारिन कुठेकुठे लपलंय ते शोधा. आर्टेरियल लाइनची प्रेशर बॅग, कॅन्युलाचा फ्लश, कोटिंगवाली सेंट्रल लाइन, टेबलावरची वाहिनी धुवायची वाटी, सगळीकडे असतं. रात्रपाळीच्या सिस्टरपर्यंत निरोप पोचायला हवा, फाइलवर आणि बेडवर मोठ्या अक्षरात लिहा. एनॉक्सापॅरिनही नको, ते त्याच घरातलं.

वाहिनी साध्या सलाइननं धुवा, आकसली तर पॅपाव्हेरिन किंवा लिग्नोकेन. आणि खरं सांगू, जोड सुबक असेल तर अर्धी लढाई तिथेच जिंकता: आतल्या अस्तराला चिमटा लावू नका, ताण नको, पीळ नको, पेशंट गरम आणि फ्लुइड पुरेसं.

रक्त पातळ ठेवायला अर्गाट्रोबान (लिव्हर बिघडलं असेल तर डोस कमी), बायव्हॅलिरुडिन, नंतर फोंडापॅरिनक्स, पण किडनी बघून. निवड आणि डोस हेमॅटॉलॉजिस्टसोबत ऑपरेशनच्या आधीच ठरवा. एचआयटी ताजं असेल तर प्लेटलेट दीड लाखावर येईपर्यंत वॉरफरिन नको. हाड न काढलेल्या पायाला कॉम्प्रेशन पंप लावा.

पहिले दोन-तीन दिवस जिवाला घोर असतो. सुरुवातीला दर तासाला रंग, डॉप्लर (रक्तप्रवाह तपासायचं यंत्र) बघा. फ्लॅप निळसर, फुगलेला दिसला की बहुतेक शीर तुंबलीय, सकाळच्या राउंडची वाट न बघता लगेच ओटीत न्या. जोड पुन्हा करणं शक्यच नसेल तर जळवा लावता येतात, त्यांच्या लाळेतलं रक्त गोठू न देणारं हिरुडिन एचआयटीत चालतं, फक्त एरोमोनास या जळवांमधल्या जिवाणूवर चालणारं अँटिबायोटिक सोबत द्या आणि हिमोग्लोबिन बघत राहा.