डिझायनर बॅग घेताय? आधी मोजपट्टी काढा

रोज वापरायला डिझायनर बॅग घेणार असाल तर फोटो बघून साइज ठरवू नका प्लीज, फोटोत सगळ्याच बॅगा मोठ्या वाटतात. लुई व्हिताँ या ब्रँडच्या स्पीडी बॅगेला २५, ३०, ३५ असे नंबर असतात, ती बॅगेची लांबी आहे सेंटिमीटरमध्ये, हर्मेस ब्रँडच्या बर्किन बॅगेचंही तसंच. म्हणजे स्पीडी ३० साधारण ३० लांब आणि २१ उंच, आणि ए४ कागद असतो २९.७ बाय २१, त्यामुळे मापं बघून बसतंय असं वाटतं पण फाईलचं कव्हर त्याहून मोठं असतं, कोपरे दुमडणारच. फाईल रोज लागत असेल तर लुई व्हिताँच्याच नेव्हरफुल एमएमसारखी जास्त उंच टोट, म्हणजे वरून उघडी, दोन बंदांची मोठी बॅग बघा.

माझी पद्धत सांगते, जुना पेपर घ्यायचा, बॅगेच्या मापाचा चौकोन कापायचा आणि त्यावर रोजचं सामान मांडायचं, डबा, पाण्याची बाटली, छत्री, चार्जर, चष्म्याची केस, सगळं. बॅगेची जाडी पण बघा हं, डबा तिथेच अडतो! आणि बाटली उभी मापा, आडवी ठेवली तर गळू शकते.

रिकाम्या बॅगेचं वजन विचाराच, जाड लेदरची मोठी बॅग आधीच जड असते, त्यात लोकलने उभं राहून जायचं असेल तर खांदा भरून येतो. साइज ठरतच नसेल तर मी मधलीच घ्या म्हणेन, फक्त तिला लांब पट्टा हवा, क्रॉसबॉडी, म्हणजे एका खांद्यावरून तिरकी घालता येईल असा.