मृगाआधी तळ्यातला साल्व्हिनिया उपसा

रोहिण्या लागायच्या सुमारास तळी, शेततळी आणि ओढ्यातले डोह तळाला गेलेले असतात. पाण्यावर तरंगणारा साल्व्हिनिया काढायला वर्षातली हीच वेळ. पाणी थोडं, तण एका कोपऱ्यात दाटलेलं आणि वाळवायला कडक ऊन. सांडवा वाहू लागला की तुमचं तण खालच्या तळ्यात जातं आणि वरच्या तळ्यातलं तुमच्याकडे येतं.

हा मूळचा ब्राझीलचा नेचा. केरळातल्या भातखाचरांत आणि कालव्यांत त्याने उच्छाद मांडला, तिथे त्याला 'आफ्रिकन पायल' म्हणतात; मध्य प्रदेशात 'चायनीज झालर'. दोन्ही नावांत मूळ ठिकाण चुकलंय, पण ते असो.

ओळखायला सोपा आहे. पाण्यावर पानांची जोडी, आणि पाण्याखाली तपकिरी झुपका. तो झुपका म्हणजे मुळं नव्हेत, तिसरं पानच आहे. पानावर पाणी शिंपडा, थेंब घरंगळून जातील. भिंग असेल तर वरचे केस बघाच: चार केस टोकाशी जुळून ताक घुसळायच्या रवीसारखे दिसतात. अझोलाशी मात्र गल्लत करू नका. त्याची पानं खवल्यांसारखी बारीक, उन्हात लालसर होणारी, आणि खाली खरी मुळं लोंबतात. तोही नेचाच, पण भाताला नत्र देणारा. त्याला राहू द्या.

साल्व्हिनिया वांझ आहे. त्याच्या बीजाणूंपासून रोप होत नाही, सगळा पसारा तुकड्यांतून वाढतो. एक डोळा असलेला बोटभर तुकडाही पुरतो. उबदार, खत झिरपलेल्या पाण्यात तो काही दिवसांत दुप्पट होतो. म्हणून कोयत्याने तोडत बसू नका, ते तण पेरण्यासारखंच आहे.

आधी सांडव्याच्या आणि पाटाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. मग दोराला बांबू बांधून तण वाऱ्याच्या दिशेने काठाला ढकला आणि दाताळ्याने अलगद बाहेर ओढा. ढीग काठावर नको. पहिल्या पावसाचं पाणी जिथून तळ्यात येतं तिथे तर नकोच. उंचावर पातळ पसरा आणि रोज उलटा. ओल्या ढिगाच्या पोटात डोळे बरेच दिवस जिवंत राहतात. ओलं तण म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, त्यामुळे ट्रॉलीभर काढलं तरी वाळल्यावर पाटीभर उरतं. ते झाडांच्या बुंध्याशी आच्छादनाला किंवा कंपोस्टला वापरा. जनावरांना घालण्यात फारसा अर्थ नाही.

एका दिवसात काम संपत नाही. काठाच्या गवतात, लव्हाळ्यात अडकलेले तुकडे आठवड्याने पुन्हा वेचा, आणि महिनाभर वेचत राहा. तणनाशक मारायचा मोह होतो. मी ते सुचवणार नाही. मेलेलं तण एकदम कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन मरतात.

तलाव मोठा असेल तर हाताने काम होणार नाही. तिथे सिर्टोबॅगस नावाचा दोन-तीन मिलिमीटरचा काळा भुंगेरा उपयोगी पडतो. तो कोंब खातो, त्याची अळी खोड पोखरते, तण तपकिरी होऊन बुडतं. केरळात तो 1980च्या दशकातच सोडला गेला. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने अलीकडे मध्य प्रदेशातल्या तलावांतही सोडला. त्याला साधारण वर्ष-दीड वर्ष द्यावं लागतं. पापुआ न्यू गिनीच्या सेपिक नदीत हा भुंगेरा आधी टिकेना, कारण तणातच नत्र कमी होतं. शेवटी तणाला युरिया दिला तेव्हा भुंगेरे वाढले! भुंगेरा हवा असेल तर कृषी विज्ञान केंद्रामार्फत चौकशी करा. तो सोडल्यावर फवारणी करू नका, आणि तण पूर्ण उपसूही नका. त्याला खायला उरलं पाहिजे.

भातखाचरात आणखी एक नेचा त्रास देतो: चार पानांचा, घोळासारखा जमिनीलगत पसरणारा मार्सिलिया. तो खोडाच्या धावत्या दोऱ्यांवर जगतो. चिखलणी करताना ते दोरे वर येतात, तेव्हाच वेचून बांधाबाहेर वाळवा. नुसते गाडले तर लावणीनंतर पुन्हा फुटतात.

पंपाचा फुटव्हॉल्व्ह, मासेमारीची जाळी आणि क्रेट दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी झटकून दोन दिवस उन्हात ठेवा. जाळीच्या गाठीत अडकलेला कोंब सहसा दिसत नाही.