सहाचाकीचे फुगे टायर: या चुका टाळा

आमच्या दापोली तालुक्यात पाण्यात उतरणाऱ्या जुन्या सहाचाकी गाड्या मला माहीत आहेत तेवढ्या मोजायला एका हाताची बोटं पुरतात. त्यांच्या टायरांच्या तक्रारी मात्र खंडीभर. आणि नव्वद टक्के वेळा दोष टायरचा नसतो, घाईचा असतो.

गाडी समजून घ्या, मग पान्याला हात लावा. 1960-70च्या दशकात उत्तर अमेरिकेत ॲम्फीकॅट, ॲटेक्स, मॅक्स, आर्गो असल्या गाड्या निघाल्या. वळताना यांची चाकं तिरकी होत नाहीत. एका बाजूची थांबवायची, दुसऱ्या बाजूची फिरवायची. एका बाजूची तिन्ही चाकं साखळीने एकमेकांना बांधलेली. स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर बहुतेकींना नाहीतच, जो काही मऊपणा आहे तो टायरमधल्या हवेचा. पाण्यात पंखा नाही, टायरची नक्षी हीच वल्ही. टायर साधारण 20 ते 22 इंच उंच, 11 इंच रुंद, 8 इंची रिमवर. आत हवा किती? 2 ते 3 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, दर चौरस इंचाला पौंड). तीस नव्हे, तीन.

कॉम्प्रेसर लावून 'मारली हवा'

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः करून बसलोय.

गाडी एका मुंबईकर गृहस्थांची, खाडीकाठच्या वाडीत ठेवलेली. पुढच्या डाव्या चाकाची हवा गेली म्हणून त्यांनी ते नाक्यावरून भरून आणलं. पोराने गेज बघितला, काटा दहाच्या खाली, म्हणून अजून थोडी मारली. त्या गेजवर दहाच्या खाली काही दिसतच नाही, हे त्याला कोण सांगणार? बाकी पाच टायर अडीचवर, हा एकटा बारावर. मी अंगठ्याने दाबून बघितलं, 'कडक आहे, पण चालेल' म्हणालो, आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, गाडी खाजणात, खाडीकाठच्या चिखलात घातली.

जास्त हवेचा टायर जास्त फुगतो, त्याचा घेर वाढतो. साखळीने बांधलेली तीन चाकं एकाच फेऱ्यात फिरणार, पण घेर वेगळा असल्यामुळे जमीन वेगवेगळी कापू बघणार. म्हणजे एकाच बाजूची चाकं आपसात भांडायला लागतात. कडक जमिनीवर गाडी उजवीकडे ओढत होती तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं. चिखलात त्या कडक टायरने खड्डा काढला, मी लिव्हर रेटला, आणि डाव्या बाजूची साखळी दातांवरून उतरली.

मग भरती आली. गाडी तरंगली, तिचं ते कामच आहे. पण वल्ही चालू फक्त उजव्या बाजूची! घाण्याच्या बैलासारखा मी खाडीच्या मधोमध गोल गोल. शेवटी एका होडीवाल्याने दोर टाकला. टाकण्याआधी विचारलंन, "काय रे, भोवरा सोडलायस काय?" तो प्रश्न गावात अजून जिवंत आहे.

तेव्हापासून मी टायर हवेने मोजत नाही, घेराने मोजतो. गाडी चिऱ्यांवर उचलून ठेवायची, शिंप्याचा टेप नक्षीच्या मध्यावरून गुंडाळायचा, सहाही टायरांचा आकडा खडूने रिमवर लिहायचा. पाव इंचाच्या वर फरक मला चालत नाही. म्हणूनच एक नवा आणि पाच जुने असा संसार करू नये. दोघांचा आकडा जुळवायला हवेशी खेळत बसावं लागतं.

0 ते 10 पीएसआयचा गेज मिळतो, घ्या. तोवर गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी भिंतीवर यू आकारात टांगा, पाणी भरा, एक टोक टायरला जोडा. दोन बाजूंच्या पाण्यात 140 सेंटीमीटरचा फरक म्हणजे 2 पीएसआय. लोक हसतात, पण पाणी खोटं बोलत नाही. हवा भरायला सायकलचा पंप बास.

एक पोटचूक: सकाळी गारव्यात हवा बघायची आणि दुपारी उन्हात गाडी उभी करायची. टायर 25 अंशांवरून 45 अंशांवर गेला की आतला दाब जवळजवळ एक पीएसआयने चढतो. मोटारीच्या टायरला ते कळतही नाही, इथे अडीचचे साडेतीन होतात. उन्हातली बाजू फुगते आणि लोक साखळीला दोष देतात.

रिक्षाची ट्यूब

हा आमच्याकडचा खास शोध. रिक्षाचा टायर 4.00-8, आपली रिमही 8 इंची, मग ट्यूब बसणारच! बसते, पण चार इंचासाठी केलेली ट्यूब अकरा इंचात ताणली की कांद्याच्या पापुद्र्याएवढी होते. त्यातून हवा कमी असल्यामुळे टायर रिमवर थोडा थोडा सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर जाते आणि हवा भरायचा वॉल्व्ह मुळातून उपटला जातो. मापाची रुंद ट्यूब घातली तरी हा सरकण्याचा रोग असतोच. हवा रिमच्या कडेतून जात असेल तर ट्यूब हे औषधच नाही. टायर उतरवा, रिमवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा, रंग द्या, वाळू द्या. दोन दिवस जातात, जाऊ द्या.

टायरची कड रिमवर बसत नाही म्हणून आत पेट्रोल शिंपडून काडी लावणारे वीर मी बघितलेत. भुवया गेल्या एवढ्यावर निभावलं तर नशीब. माझी पद्धत: टायर तासभर उन्हात, कडेला साबणाचं पाणी, घेरावर सुंभ बांधून दांडक्याने पीळ द्यायचा की कडा आपोआप बाहेर सरकतात. वॉल्व्हची पिन काढून एक झटका हवा, 'टप' आवाज आला की बंद. इथेच फक्त कॉम्प्रेसर चालेल, तोही टायरच्या अंगावर छापलेल्या मर्यादेच्या आत.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पॉवर टिलरची चाकं लावू नका. अरुंद आणि कडक, चिखलात सुरीसारखी उतरतात. रुंद फुग्या टायरमध्ये ढोबळ मानाने 50 लिटर जागा असते, पाण्यात तेवढाच आधार. तो घालवून 'ग्रिप' कसली आणता?

कालवं धरलेल्या खडकावरून जाऊ नका. या टायरांची कूस, म्हणजे बाजूची भिंत, पातळ असते, कालवाची धार ती ब्लेडसारखी फाडते.

नक्षीची दिशा बघून चाक बसवा. उलटं बसवलं तर जमिनीवर खपेल, पाण्यात गाडी रेंगाळेल. तशीही ती पाण्यात माणसाच्या चालीनेच जाते, म्हणून उधाणाच्या सुकतीला खाडीच्या तोंडाशी जाऊच नका. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले, दिवस बघा.

डांबरावर जागच्या जागी वळवू नका. नक्षी घासून जाते आणि साखळी ताणते.

वेळास, आंजर्ल्याच्या पुळणीवर भरतीच्या रेषेच्या वर चाक नेऊ नका. तिथे कासवं अंडी घालतात. गाडी हलकी असली तरी घरट्यावरून जायला नाही बनलेली.

जुने टायर विकत घेताना तारखेचा कोड वाचा. शेवटचे आकडे चार असतील तर 2000 किंवा नंतरचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातला. 'नक्षी अजून नवी आहे' म्हणणाऱ्याला टायर वाकवून भेगा दाखवायला सांगा.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने रिमच्या आतून धुवा, त्याच संध्याकाळी.

पावसाळ्यात गाडी चिऱ्यांवर, टायर जमिनीपासून सुटे, वर ताडपत्री. सप्टेंबरात उतरवताना आधी रिमच्या मागच्या पोकळीत टॉर्च मारा. माझ्या मधल्या उजव्या चाकात गेल्या साली विंचवीण निघाली, पाठीवर पिल्लांसकट.