ताक, आंबील, कांजी की कोंबुचा? घरी करायला घेण्याआधी या चुका टाळा

गेली आठ-नऊ वर्षं माझ्या ओट्यावर काही ना काही आंबत असतं, त्यामुळे सोसायटीतल्या मुली विचारायला येतात, "काकू, प्रोबायोटिकसाठी, म्हणजे तब्येतीला चांगले जंतू पोटात जावेत म्हणून, कुठलं ड्रिंक करू?" मी उलटं विचारते, की पिणार कोण आहे, घरात बीपी-शुगरवालं कुणी आहे का, आणि रोज सकाळी तुझ्या हातात किती वेळ असतो. यातलं काहीच ठरलेलं नसतं, ठरलेली असते फक्त बरणी, कारण आदल्या रात्री कुठलातरी लालभडक कांजीचा व्हिडिओ बघितलेला असतो. पहिली चूक इथेच होते, आणि ही मी स्वतःच्या घरात केलेली आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत दिल्लीच्या जाऊबाई येताना काळी गाजरं घेऊन आल्या. आपल्याकडे ती सहसा मिळत नाहीत, म्हणून मी हौसेने कांजी घातली. गाजर-बिटाच्या लांब फोडी, कुटलेली मोहरी, तिखट, मीठ, उकळून गार केलेलं पाणी, सगळं चिनी मातीच्या बरणीत भरलं, वर फडकं बांधलं आणि बरणी गॅलरीत उन्हाला ठेवली. रोज लाकडी चमच्याने हलवायचं. चौथ्या दिवशी फडकं सोडलं तर मोहरीचा झणका थेट नाकात, आणि पाणी जांभळं, आंबट, एकदम जमलेलं. सासऱ्यांना इतकी आवडली की दुपारी एक ग्लास आणि संध्याकाळी एक असं चालू झालं, बरणी संपली की मी दुसरी घालायचे.

फेब्रुवारीच्या चेकअपला त्यांचं बीपी चांगलंच वर गेलेलं. गोळ्या वेळेवर चालू होत्या. डॉक्टरांनी विचारलं, लोणचं, पापड, फरसाण? आम्ही अगदी खरं सांगितलं, काही नाही. कांजी कुणाच्या डोक्यातच आली नाही, कारण ती तर "तब्येतीसाठी" होती ना. घरी येऊन मी वजनकाटा काढला. लिटरला दोन चमचे मीठ घालत होते, ते भरलं 11 ग्रॅम. 200 मिलिचे दोन ग्लास म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास मीठ नुसतं पिण्यातून, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. भाजी, आमटी, भाकरीतलं मीठ अजून मोजायचंच होतं. बीपी एकट्या कांजीनेच वाढलं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण ग्लास मी स्वतः भरून देत होते.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, मग मीठ कमी घाला की. नका घालू. कांजीतलं मीठ चवीपुरतं नसतं, सुरुवातीला नको ते जंतू दाबून ठेवायचं आणि चांगल्यांना जागा करून द्यायचं काम ते करतं. मीठ फारच कमी पडलं की पाणी बुळबुळीत होतं, वास बदलतो. कोंबुचातल्या (गोड काळा चहा आंबवून केलेलं पेय) साखरेचंही तसंच. घरात शुगर आहे म्हणून लोक साखर अर्धी करतात, पण ती साखर आधी कल्चरचं, म्हणजे आंबवणाऱ्या जंतूंचं, खाणं आहे, ती तोडली की आंबटपणा नीट चढत नाही आणि बुरशीला आयतं रान मिळतं. पूर्ण साखर घातली तरी ती सगळी संपत नाही, थोडी उरतेच. म्हणून पेय आपल्या सोयीने मोडण्यापेक्षा सरळ दुसरं पेय घ्यावं. सासऱ्यांना मी तेव्हापासून पातळ, बिनमिठाचं ताक देते, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. दूध पचत नसलेल्या माणसाला ताकही जमेलच असं नाही (विरजणात दुधातली साखर कमी होते, संपत नाही), त्याच्यासाठी कांजी ठीक, पण अर्धी वाटी.

दुसरी चूक, आंबवलेलं म्हणजे प्रोबायोटिक असं धरून चालणं. प्रोबायोटिकची 2001 सालची एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या बघितली तर पहिलीच अट आहे की जंतू जिवंत पाहिजेत. आता आपली नाचणीची आंबील घ्या. रात्री पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवलं, सकाळी वर बारीक बुडबुडे आले, आंबूस वास सुटला, सगळं छान झालं आणि मग आपण ती शिजवतो. शिजवायलाच हवी, कच्चं पीठ कोण पिणार, आणि आंबवल्याचा फायदा शिजवूनही राहतो, नाचणीतलं लोह-कॅल्शियम अडवून धरणारं फायटिक अॅसिड कमी झालेलं असतं त्यामुळे त्यातलं लोह-कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. पण जिवंत जंतू गेले. ते परत येतात वरून घातलेल्या ताकातून. आणि इथेच माझ्या ओळखीतल्या निम्म्या मुली ताक पातेल्यातच ओतून वर एक उकळी काढतात! आंबील कोमट झाली, पातेल्याच्या बाहेरून हात निवांत टेकवता आला, की मग ताक घाला. माझी सासू तर ताटात वाढून झाल्यावर प्रत्येकाच्या वाटीत वरून घालायची, मीही तेच करते. कढीचंही तसंच, खा, मनसोक्त खा, फक्त ती ताकाच्या हिशोबात धरू नका. आणि सोलकढी आंबवलेली नसतेच, आगळ किंवा कोकम आणि नारळाचं दूध, आंबटपणा फळाचा. मला ती प्राणप्रिय आहे, पण या यादीत ती बसत नाही.

कोंबुचाला घाई चालत नाही. एक लिटर साध्या काळ्या चहाला मी 70 ग्रॅम साखर आणि आधीच्या खेपेचं 150 मिलि आंबट पाणी घालते, आणि हे जुनं पाणी घालायचं लोक हमखास टाळतात. नुसती चकती (कोंबुचा आंबवणाऱ्या जंतूंचा जाडसर थर) कुणाकडून तरी आणतात, गोड चहात सोडतात, तिसऱ्या दिवशी झाकण उघडून बोट बुडवून चव घेतात आणि दहाव्या दिवशी मला हिरव्या बुरशीचा फोटो पाठवतात. ते जुनं आंबट पाणीच पहिल्या दिवसापासून राखण करतं. मसाला चहा नको, वेलची नको, चहा गरम असताना चकती टाकायची नाही. वर पांढरा चपटा, सुरकुतलेला पापुद्रा आला तर ते बहुतेक यीस्ट असतं, पण केसाळ, हिरवं, काळं काही दिसलं तर चकतीसकट सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं पिण्याचा मोह नको. गरोदर बाई, लहान मुलं यांना घरचा कोंबुचा मी देत नाही, त्यात चहातलं कॅफीन असतं आणि थोडं का होईना अल्कोहोल तयार होतं. केमो वगैरे चालू असलेल्या माणसाला तर घरात आंबवलेलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दुधाचं केफिर (जंतूंचे दाणे घालून आंबवलेलं दूध) त्यालाच घेऊ द्या जो रोज दाणे गाळून काढणार आहे. ते आंबायला 24 तास सांगतात तो आकडा थंड हवेचा, आमच्या ठाण्यात मे महिन्यात 12 तासांत पाणी आणि चोथा वेगळा होतो. गावाला जायचं असेल तर दाणे ताज्या दुधात घालून फ्रिजमध्ये, आठवडाभर राहतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, उकळून गार करा किंवा रात्रभर उघडं ठेवा.

कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात ताक कळकतं, कांजी-कोंबुचा तर त्याहून आंबट. काच किंवा चिनी माती.

फसफसणारं काही बाटलीत भरणार असाल तर चौकोनी शोभेच्या काचेच्या बाटल्या नकोत, फुटतात. मी त्यातलंच थोडं एका प्लॅस्टिकच्या सोड्याच्या बाटलीत भरून शेजारी ठेवते, ती दाबून कडक लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये.

आणि पहिल्या दिवशी ग्लास भरून पिऊ नका. पाव वाटी, चार दिवस. पोटात गुडगुड झाली की लोक "मला सूट होत नाही" म्हणून बरणी धुऊन टाकतात, जे पाव वाटीवर टिकलं असतं.

आता एवढं वाचून कुणी विचारलंच, की मग नक्की सुरुवात कशाने करू, तर विरजणाने करा. कोमट दूध, करंगळी बुडवून सुखद वाटेल इतपत, अर्ध्या लिटरला एक चमचा दही, उन्हाळ्यात पाच-सहा तास, थंडीत रात्रभर पीठाच्या डब्याशेजारी टॉवेलात गुंडाळून. दोन महिने तेवढंच करा, रोज. वासावरून आज जास्त आंबलंय हे झाकण काढताच कळायला लागलं, की मग माझ्याकडे या, चकती मी देते, सोबत जुन्या पाण्याची बाटलीही.