मक्तबासाठी आमराई वक्फ करायची असेल तर

आमच्या मोहल्ल्यात आखातातून कुणी परतला आणि हाताशी चार पैसे असले, की त्याला मक्तबाला, म्हणजे पोरांना कुराण शिकवणाऱ्या शाळेला, खोली बांधून द्यायची असते. दारावर बापाच्या नावाची फरशी लागते. मौलवीसाहेबांचा पगार मात्र वर्गणीतून, आणि पावसाळ्यात वर्गणी आटते. मी तलाठी म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे जमिनीचं विचारायला लोक येतात. त्यांना सांगतो, खोल्या पुरे झाल्या, उत्पन्न द्या. गाळा वक्फ करा, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमचा बांधून द्या, नाहीतर हापूसची कलमं द्या.

पगार जकातीतून, म्हणजे ऐपतदार मुसलमानाने दरवर्षी द्यायच्या बंधनकारक दानातून, भागवू, असं कुणी सुचवेल. जकात गरजूच्या हातात पडायला हवी, ती शिक्षकाच्या पगाराला चालत नाही, असं बहुतेक आलिम (धर्मपंडित) सांगतात. वक्फाला ही अडचण नाही. पैगंबरांचे साथीदार हजरत उमर यांना अरबस्तानातल्या खैबरची जमीन मिळाली, तेव्हा पैगंबरांनी (सल्ल.) दाखवलेली वाट हीच होती: जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशात जाऊ द्यायची नाही, तिचं फळ वाटायचं.

आधी सातबारा आणि आठ-अ काढा. खातं सामाईक असेल तर वाटप करून आपला हिस्सा वेगळा करून घ्या. बहिणीचा हिस्सा दाबून केलेल्या वक्फात कसला आलाय सवाब (पुण्य)! सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुळाचं नाव आहे का, तेही बघा. भोगवटादार वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी) जमीन असेल तर परवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

पूर्वी तोंडी वक्फ चालायचा, वर्षानुवर्षांच्या वापरानेही वक्फ ठरायचा. वक्फ कायद्यातल्या २०२५ च्या दुरुस्तीनंतर नवा वक्फ लेखी वक्फनाम्याशिवाय होत नाही. वक्फनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, मग राज्याच्या वक्फ मंडळाकडे नोंदणीचा अर्ज केंद्र सरकारच्या उमीद पोर्टलवरून करा. वक्फ करणारा किमान पाच वर्षं इस्लाम पाळणारा असावा, अशी अटही त्या दुरुस्तीत होती; सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये तिला स्थगिती दिली. वकिलाकडे जाल तेव्हा आजची स्थिती विचारा. मंडळाचं मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत आहे. तिथल्या जात्यावर एकेकाळी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी दळण व्हायचं, म्हणजे अर्ज जातो तो योग्य ठिकाणीच.

खरा जीव वक्फनाम्याच्या मजकुरात आहे. वकील छापील मसुदा काढतो आणि लिहितो, ‘उत्पन्न धार्मिक शिक्षणासाठी वापरावे.’ एवढ्यावर सही करू नका. उद्या कुणी त्याच वाक्यावर बोट ठेवून धार्मिक जलशाला मांडव घालील. खर्चाचा क्रम लिहा. पहिला खर्च मालमत्तेचा: कुंपण, खत, फवारणी, शेतसारा. बाग मेली तर पगार कुठून येणार? फिकहचा (इस्लामी धर्मशास्त्राचा) नियमही हाच आहे, वक्फ करणाऱ्याने लिहिलं नसलं तरी. मग मुदर्रिसचा (शिकवणाऱ्याचा) पगार. मग कायदा (कुराण वाचायला शिकवणारं पहिलं पुस्तक), सिपारे (कुराणाचे भाग), गरीब पोरांचा खर्च. उरलं तर शिल्लक ठेवा, कारण मोहोर गळाला की ते वर्ष कोरडं जातं. मुलींचा वर्गही नाव घेऊन लिहा, नाहीतर पैसे कमी पडले की आधी तोच बंद होतो. मक्तब बंद पडलं तर उत्पन्न जवळच्या दुसऱ्या मक्तबाला जावं, हेही त्यात असू द्या.

मुतवल्ली (वक्फाचा कारभार पाहणारा) कोण, त्याच्यानंतर कोण, त्याला काढायचा अधिकार कुणाला, हे स्पष्ट लिहा. मुतवल्लीने किंवा त्याच्या घरच्यांनी बागेच्या लिलावात बोली लावायची नाही, ही ओळ मी आग्रहाने घालायला लावतो. नाराजी होते, होऊ द्या.

फळाचा लिलाव हंगामापुरताच करा आणि करारात ‘फळ’ लिहा. जमीन कसायला दिली असं लिहिलंत तर पुढे कुळाचा दावा उभा राहू शकतो. जमीन भाड्याने द्यायचीच झाली तर एक वर्षावरच्या मुदतीला मंडळाची आधी मंजुरी लागते, आणि शेतजमिनीचा तीन वर्षांवरचा करार रद्दबातल ठरतो. गहाण, विक्री, अदलाबदल यांचा विचारही घरात नको.

मंडळाला निव्वळ उत्पन्नातून वार्षिक अंशदान द्यावं लागतं. कमाल दर पूर्वी ७ टक्के होता, आता ५ आहे. वर्षाचा हिशेब मंडळाला जातोच, त्याची एक प्रत जुम्म्याच्या दिवशी मशिदीच्या फळ्यावर लावा. लिलाव कितीला गेला, हे मोहल्ल्याला तुमच्या आधी कळलेलं असतं.