अल्डिहाइड आणि कीटोनवर सायनाइडचे असममित समावेशन: कायरल उत्प्रेरक कसा निवडावा

गोव्यातल्या एम.एस्सी.च्या किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला असममित सायनोहायड्रिन (कार्बोनिल संयुगावर सायनाइड बसून बनणारा रेणू, आरशातल्या दोन रूपांपैकी मुख्यतः एकाच रूपात) बनवण्याचे काम मिळाले, की तो बहुधा सर्वप्रथम शोधनिबंधांतील तक्ते उघडतो आणि ज्या ओळीत ई.ई.चा (एनॅन्शिओमेरिक एक्सेस, म्हणजे एका रूपाचे दुसऱ्यापेक्षा टक्क्यांतले आधिक्य) आकडा सर्वांत मोठा दिसेल तो कायरल, म्हणजे स्वतःच एका हाताचा असलेला, उत्प्रेरक निवडून मोकळा होतो. ही निवड बरेचदा फसते, कारण तो आकडा दुसऱ्या कोणाच्या अल्डिहाइडवर, दुसऱ्या हवेत आणि आपल्यापेक्षा दहा अंशांनी थंड असलेल्या खोलीत मिळालेला असतो. उत्प्रेरकाची निवड आपल्या कार्बोनिल संयुगापासून (म्हणजे अल्डिहाइड किंवा कीटोनपासून) सुरू करावी, त्यानंतर उत्प्रेरकाविना होणाऱ्या अभिक्रियेचा वेग पाहावा, आणि तक्त्यांकडे त्यापुढे वळावे.

त्याआधी सुरक्षिततेविषयी बोलणे भाग आहे. हायड्रोजन सायनाइडचा उत्कलनांक सुमारे २६ अंश सेल्सिअस आहे. ज्या देशात प्रयोगशाळा वीस अंशांवर असते तिथे तो जेमतेम द्रव असतो. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ तो वायूच असतो, हे कधीही विसरू नये. ट्रायमिथाइलसिलिल सायनाइड (पुढे नुसते सिलिल सायनाइड) हा सायनाइड पुरवणारा द्रव सुमारे ११८ अंशांना उकळतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण ओलाव्याशी गाठ पडताच तोही हायड्रोजन सायनाइडच सोडतो. कडू बदामासारखा वास आल्यावर सावध होऊ, अशा भरवशावर राहणे धोक्याचे आहे, कारण बऱ्याच माणसांना हा वास जन्मतःच कळत नाही. चालू स्थितीतला फ्युम हूड, गजर करणारा शोधक, शेजारी दुसरी जाणकार व्यक्ती आणि आम्लांपासून पूर्णपणे वेगळा ठेवलेला अल्कधर्मी कचरा, यांतले काहीही कमी असेल तर त्या दिवशी काम करू नये. प्रत्यक्ष प्रयोगाची कृती आपल्या संस्थेच्या सुरक्षा समितीकडून मंजूर करून घ्यावी. येथे विषय केवळ निवडीचा आहे.

आता कार्बोनिल संयुगाकडे वळू. कार्बोनिलमधला कार्बन सपाट असतो. सायनाइड वरच्या बाजूने आला तर एक एनॅन्शिओमर (आरशातल्या दोन रूपांपैकी एक) मिळतो, खालच्या बाजूने आला तर दुसरा. अल्डिहाइडमध्ये एका हाताला नुसता हायड्रोजन असतो आणि दुसऱ्या हाताला मोठा गट, त्यामुळे उत्प्रेरकाला डावे-उजवे ओळखणे तुलनेने सोपे जाते. कीटोनमध्ये दोन्ही हातांना कार्बनच असतो, शिवाय तो अधिक दाटीचा आणि कमी क्रियाशील असतो. अ‍ॅसिटोफिनोनमध्ये निदान फिनाइल आणि मिथाइल यांच्यात फरक तरी मोठा आहे. २-ब्युटॅनोनमध्ये मात्र मिथाइल आणि इथाइल यांच्यातला फरक ओळखायचा असतो, आणि रासायनिक उत्प्रेरकाने ते चांगल्या निवडकतेने साधल्याचे बेंजामिन लिस्ट यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना अरुंद पोकळी असलेले कायरल आम्ल घडवावे लागले. (याच लिस्ट यांना डेव्हिड मॅकमिलन यांच्यासोबत २०२१ चे नोबेल मिळाले.) तात्पर्य, बेन्झाल्डिहाइडवर ९५ टक्के देणारा उत्प्रेरक कीटोनवरही चालेल, असे गृहीत धरू नये.

त्यानंतरचा टप्पा विद्यार्थी सर्वांत जास्त टाळतात: उत्प्रेरकाविना कोरा प्रयोग. अल्डिहाइड, सिलिल सायनाइड आणि विद्रावक एवढेच घेऊन, त्याच तापमानाला, तेवढाच वेळ ठेवून काय होते ते पाहावे. नंतर नुसता धातूचा क्षार आणि नुसता लिगंड (धातूला धरून ठेवणारा, उत्प्रेरकाला हात देणारा रेणू) घेऊन तेच करावे. उत्प्रेरक स्वतः ९५ टक्के ई.ई. देत असेल आणि उत्पादनाचा केवळ दहावा भाग उत्प्रेरकाविना रॅसेमिक (दोन्ही रूपे सारखीच देणाऱ्या) मार्गाने तयार होत असेल, तर हाती लागणारी ई.ई. ८५.५ टक्के असते. ही घट भरून काढण्यासाठी विद्यार्थी महिनोन्‌महिने लिगंड बदलत बसतात. दोष लिगंडचा नसतो. विद्रावकात उरलेला ट्रायइथाइलअमीनचा अंश किंवा अल्डिहाइडच्या बाटलीतली अशुद्धी रॅसेमिक वाटेला वेग देत असते. म्हणून अल्डिहाइड वापरण्यापूर्वी ताजे ऊर्ध्वपातित करावे. शिवाय मोकळे सायनोहायड्रिन तयार होणे ही उलटसुलट होणारी अभिक्रिया आहे, त्यामुळे मिळवलेली निवडकता वेळ जाईल तशी झिजू शकते. सिलिल गटाने ऑक्सिजन झाकला की ही परतीची वाट बंद होते, आणि सिलिल सायनाइड इतके लोकप्रिय असण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

उत्प्रेरकांच्या घराण्यांपैकी सर्वांत जुने घराणे वनस्पतींचे आहे. रोझेनथालर यांनी १९०८ मध्ये बदामातील विकराने बेन्झाल्डिहाइडपासून प्रकाशीय सक्रिय मँडेलोनायट्राइल मिळवले. ब्रेडिग आणि फिस्के यांनी १९१२ मध्ये क्विनीन वर्गातले अल्कलॉइड वापरून तेच करून पाहिले. निवडकता अगदी तुटपुंजी होती, पण मानवाने निवडलेल्या लहान रेणूने असममित संश्लेषण घडवण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. बदामाचे विकर आर रूप देते (आर आणि एस ही आरशातल्या दोन रूपांची नावे). एस रूप हवे असेल तर रबराच्या झाडातले किंवा कसाव्यातले विकर पाहावे. सत्तरी तालुक्याच्या बाजूला रबराच्या मळ्यांतून जाताना त्या पानांत हा उत्प्रेरक आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. डेल्टामेथ्रिनसारख्या, मच्छरदाण्यांवर वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकात सायनोहायड्रिनचा जो भाग असतो तो एस रूपातलाच लागतो, म्हणून रबराच्या विकराला औद्योगिक महत्त्व आले. आपले अल्डिहाइड सुगंधी वलयाचे असेल, कामाची मात्रा मोठी असेल आणि विकर सहज मिळत असेल, तर धातूच्या मागे धावण्यापूर्वी हा पर्याय अवश्य विचारात घ्यावा.

धातूंच्या उत्प्रेरकांत नवशिक्याने सॅलेन नावाच्या लिगंडच्या टायटेनियम संयुगापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. बेलोकोन आणि नॉर्थ यांनी विकसित केलेले हे दुहेरी संयुग ०.१ मोल टक्के इतक्या कमी मात्रेत, सामान्य तापमानाला, तासाभरात बेन्झाल्डिहाइडचे काम पूर्ण करते आणि सुमारे ८६ टक्के ई.ई. देते. त्याचाच व्हॅनेडियमचा भाऊ ई.ई. ९५ टक्क्यांपर्यंत नेतो, पण त्याला एक दिवस लागतो. घाई असेल तर टायटेनियम, संयम असेल तर व्हॅनेडियम. १९९९ मध्ये शिबासाकी यांच्या गटाने बिनॉल या कायरल रेणूवर आधारलेला अ‍ॅल्युमिनियमचा उत्प्रेरक मांडला. त्यात अ‍ॅल्युमिनियम कार्बोनिलला धरतो आणि लिगंडवरचा फॉस्फीन ऑक्साइड सिलिल सायनाइडला जागे करतो. एकाच रेणूने दोन्ही हातांनी काम करावे ही त्यातली कल्पना सुंदर आहे, परंतु त्यासाठी उणे ४० अंश तापमान आणि सिलिल सायनाइडची अत्यंत संथ भर लागते, आणि संथ भर कशासाठी हे वरच्या कोऱ्या प्रयोगाच्या परिच्छेदावरून ध्यानात येईल. १९८१ मध्ये इनोउए यांनी मांडलेले हिस्टिडीन आणि फिनाइलअ‍ॅलनिन यांचे वलयी डायपेप्टाइड मला वैयक्तिकरीत्या फार आवडते, पण त्याची करामत त्याच्या जेलसारख्या भौतिक अवस्थेवर अवलंबून असल्याने ते पहिल्या प्रयोगासाठी घेऊ नये.

कीटोनसाठी निवड वेगळी होते. शिबासाकी यांच्याच गटाने ग्लुकोजपासून बनवलेला लिगंड येथे विशेष उपयोगी आहे, कारण तोच लिगंड टायटेनियमसोबत आर रूप देतो आणि गॅडोलिनियमसोबत एस रूप. ग्लुकोजचे आरशातले रूप महाग असल्याने, धातू बदलून उलट हात मिळणे ही मोठीच सोय ठरते. धातू नकोच असेल, विशेषतः उत्पादन औषधाकडे जाणार असेल आणि धातूचा अंश मोजत बसायचे नसेल, तर जेकबसेन यांचे थायोयुरिया उत्प्रेरक किंवा डेंग यांनी सुधारलेले सिंकोना अल्कलॉइड पाहावेत.

निवड झाली, की तापमानाचा हिशेब कागदावर मांडावा. पंचवीस अंशांवर ९० टक्के ई.ई. म्हणजे १९ ला १ हे प्रमाण, आणि त्यामागे दोन संक्रमण अवस्थांमधला फरक मोलला सुमारे १.७५ किलोकॅलरी एवढाच असतो. हाच फरक कायम राहील असे धरले, तर उणे ४० अंशांवर ई.ई. साधारण ९५.५ टक्क्यांवर जाते. मे महिन्यात, वीज गेल्यावर बत्तीस अंशांवर पोहोचलेल्या खोलीत केलेला प्रयोग आणि शोधनिबंधातला ‘सामान्य तापमान’ हा शब्द एकच मानू नये. थंड बाथ वापरावा आणि वहीत अभिक्रियेच्या आतले तापमान लिहावे, बाथचे नव्हे.

दुसरा स्थानिक घटक म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर या काळात टायटेनियम आयसोप्रोपॉक्साइडच्या बाटलीचे झाकण उघडले, की सेप्टमच्या (रबरी बुचाच्या) कडेला पांढरी पूड जमू लागते. ती हवेतल्या ओलाव्याने बनलेली असते आणि तेवढा धातू आपल्या हिशेबातून गेलेला असतो. एका जुलैमध्ये आमच्याकडे चांगली चालणारी अभिक्रिया अचानक अर्ध्या निवडकतेवर आली, आणि पंधरवडाभर लिगंडच्या शुद्धतेवर वाद घातल्यानंतर कळले की सिरिंज ओव्हनमधून काढून तशीच उघडी ठेवली जात होती. तरीही पाण्याला सरसकट शत्रू मानू नये. सॅलेनच्या टायटेनियम संयुगात दोन धातूंना जोडणारे ऑक्सिजन मुळात पाण्यातूनच आलेले असतात, म्हणून ते संयुग आगाऊ बनवून, शुद्ध करून ठेवले तर पावसाळ्यातही बरे वागते. अ‍ॅल्युमिनियमच्या उत्प्रेरकांना अशी सवलत मिळत नाही. ते चवथीनंतर, हवा कोरडी होऊ लागल्यावर हाती घ्यावेत.

मोजमापाच्या बाबतीत आधी रॅसेमिक नमुना बनवून कायरल स्तंभावर दोन्ही शिखरे वेगळी झालेली पाहावीत, मगच खरा नमुना घालावा. मोकळे सायनोहायड्रिन स्तंभावर विघटित होऊ शकते, म्हणून त्याचे अ‍ॅसिटेट करून मोजणे अधिक भरवशाचे असते. नुसत्या प्रकाशीय घूर्णनावर ई.ई. ठरवू नये, थोडासा उरलेला लिगंडदेखील तो आकडा बिघडवतो.

शेवटी आर आणि एस लिहिताना घाई करू नये, ही अक्षरे कार्बनवरच्या गटांच्या अग्रक्रमावरून ठरतात. मँडेलोनायट्राइलमध्ये नायट्राइलचा कार्बन तिहेरी बंधामुळे मोजल्या जाणाऱ्या तीन नायट्रोजनांमुळे फिनाइलच्या वर बसतो. फरफ्युरॉलपासून बनलेल्या सायनोहायड्रिनमध्ये मात्र वलयातल्या ऑक्सिजनमुळे फ्युरिलचा क्रम नायट्राइलच्या वर जातो, आणि सायनाइड त्याच बाजूने आलेले असूनही आर असलेले अक्षर एस होते. अशा वेळी उत्प्रेरकाने हात बदलला, असा निष्कर्ष वहीत लिहिण्यापूर्वी रेणूचे चित्र काढून क्रम पुन्हा लावावा.